डेअरीच्या कुत्र्याला काय घालावं

माझं खातं पशुसंवर्धन आणि हुद्दा पशुधन पर्यवेक्षक. लोक 'ढोरांचे डॉक्टर' म्हणतात. मी दुरुस्त करत बसत नाही, कारण दारात म्हैस आडवी पडलेली असताना हुद्द्याची चर्चा करायला कुणाला सवड नसते. फऱ्या आणि घटसर्पाच्या लशी टोचायच्या, खुरकुताच्या साथीत गावोगाव फिरायचं, गाईंना कृत्रिम रेतन करायचं, अडलेलं वासरू सोडवायचं, दुष्काळ पडला की छावणीतली जनावरं तपासायची, अशी आमची कामं. या यादीत कुत्रं कुठंच नाही. तरीही भूमच्या बाजारात चहा पिताना मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच : "डॉक्टर, कुत्र्याला काय घालावं हो?"

म्हशीबद्दल असं कुणी विचारत नाही. म्हशीला काय घालायचं ते प्रत्येकाला ठाऊक असतं, फक्त घालायला नसतं. कुत्र्याचं उलटं. त्याला काय घालायचं ते कुणालाच ठाऊक नसतं आणि जो तो काहीतरी घालत असतो.

एका बँकेच्या साहेबांच्या पांढऱ्या झिपऱ्या कुत्रीला संकष्टी चतुर्थी होती. दिवसभर साबुदाण्याची खिचडी आणि चंद्र दिसल्यावर मोदक. ती ओकते म्हणून मला बोलावलं. "हिचा उपवास सोडा," असं मी सांगितलं तर बाईसाहेब गंभीर होऊन म्हणाल्या, "कसा सोडणार? तिच्या नावानं नवस बोललाय." दुसरीकडं एक हवालदार होते. कुत्रं तिखट व्हावं म्हणून ते त्याला कच्च्या मटणाला लाल तिखट चोळून द्यायचे. त्या कुत्र्याला चोर दिसला काय आणि पाव्हणा दिसला काय, ते आधी पाण्याच्या हौदाकडं पळायचं.

मला नीटनेटकी यादी करून मोकळं व्हायची सवय आहे. म्हणून दवाखान्याच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. द्यावं : ताकात किंवा बिनमिठाच्या, बिनतिखटाच्या रश्शात कुस्करलेली भाकरी, भात, उकडलेलं अंडं, शिजवलेलं काळीज थोडंसं, स्वच्छ पाणी हवं तेवढं. देऊ नये : पुरणपोळी, तळण, कांदा, चहा, उष्ट्या ताटातला मसाल्याचा रस्सा, शिजवलेली हाडं (ती फुटून घशात टोचतात), कच्ची आतडी (त्यातून जंत होतात). एका म्हाताऱ्यानं ही यादी सावकाश अक्षर लावून वाचली आणि मला विचारलं, "हे कुत्र्याला वाचून दाखिवलं का?"

त्या भिंतीवर 'दूध' हा शब्द नव्हता. तो पुढं लिहिला गेला. त्याचं कारण आमच्या दवाखान्याच्या हद्दीतल्या एका गावचं कुत्रं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या कुत्र्याचे भागधारक अजून हयात आहेत.

भागधारक हा शब्द मी चेष्टेनं वापरत नाही. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. बाहत्तरचा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती, गावोगाव दूध सोसायट्या निघाल्या होत्या आणि पावसानं पुन्हा ओढ दिली होती. या गावच्या डेअरीचे चेअरमन, त्यांना सगळे आप्पासाहेब म्हणत, संकरित गाई बघायला पुण्याकडं गेले आणि येताना एक अल्सेशियन कुत्रं घेऊन आले. डेअरीच्या राखणीला म्हणून. नाव टायगर. कुत्रं सोसायटीच्या खर्चानं आलं, म्हणजे ते सोसायटीचं झालं, आणि सोसायटीचं झालं म्हणजे प्रत्येक सभासदाचं झालं.

त्याला काय घालायचं, हा विषय सर्वसाधारण सभेत आला. मी पाहुणा म्हणून हजर होतो. कार्यक्रमपत्रिकेत माझं भाषण होतं 'वैरणीची टंचाई व उपाय', पण तिथपर्यंत सभा पोचलीच नाही. आप्पासाहेबांचं म्हणणं, जात विलायती आहे, रोज मटण पाहिजे. त्यावर रामभाऊ उठले. रामभाऊ माळकरी, कांदालसूणही न खाणारे.

"ह्या कुत्र्यात माझा बी शेअर हाय," ते म्हणाले. "माझ्या वाट्याचं कुत्रं मटण खाणार न्हाय."

"रामभाऊ, तुमच्या वाट्याचं कुठलं? शेपटाकडचं का तोंडाकडचं?" मागून कुणीतरी विचारलं.

"कुठलं का असंना. मटण पोटात गेल्यावर समद्या कुत्र्यात पसरतंय."

मी शरीरशास्त्र शिकलेला माणूस, पण मलाही ते खोडता आलं नाही. शेवटी ठराव झाला : टायगरला रोज भाकरी, बुधवारी आणि रविवारी अंडं, एकादशी-सोमवारी काही नाही, आणि मटण ज्यानं त्यानं आपापल्या घरी, रामभाऊंना न सांगता.

प्रत्यक्षात ठरावाबाहेरचं सगळंच त्याला मिळायचं. कुत्रं आपलं आहे म्हटल्यावर प्रत्येक घरचं उरलंसुरलं डेअरीवर यायला लागलं. आंबलेली भाजी, बारशाचा बुंदीचा चुरा, कंदुरीच्या बोकडाची हाडं. माणसं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती आणि टायगर गोलमटोल झाला होता. सगळ्यांत जास्त खायचा तो आप्पासाहेबांच्या घरी, कारण डेअरी त्यांच्याच वाड्याच्या फाटकाला लागून होती. तिथं मला चहा मिळायचा तो ओसरीवर, वळचणीला ठेवलेल्या वेगळ्या कपात. मी बौद्ध घरातला. टायगर मात्र थेट चुलीपर्यंत जायचा. आत काय शिजलंय ते मला त्याच्या पोटावरून कळायचं.

आता दुधाची गोष्ट. डेअरीवर दूध तपासायला काचेची एक नळी असते, लॅक्टोमीटर. दुधात सोडली की ती किती बुडते यावरून पाण्याचा अंदाज येतो. ती नळी फुटली. नवी तालुक्याहून येणार होती आणि येत नव्हती. वैरण नसल्यानं दूध आधीच कमी झालेलं, त्यात जो तो दुसऱ्याच्या चरवीकडं संशयानं बघत होता. अशात एका सकाळी सचिव निवृत्ती बाजीरावच्या चरवीतून ओंजळभर दूध टायगरच्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ताटलीत ओतायला गेला, सहज, आणि टायगरनं तोंड फिरवलं.

बाजीराव घामाघूम झाला. कुणी काही विचारायच्या आत तो ओरडला, "घातलं! पाणी घातलं! पण हापशाचं घातलं, विहिरीचं न्हाय! आईशप्पथ चोख पाणी हाय!"

झालं. त्या दिवसापासून टायगर राखण्या राहिला नाही, तो तपासनीस झाला. रोज सकाळी रांगेतल्या प्रत्येकाच्या भांड्यातलं थोडं दूध त्याच्या ताटलीत ओतायचं. प्यायला तर दूध पास. नाही प्यायला तर परत. तीनदा परत गेलं की सभासदत्व रद्द, असाही ठराव झाला. माणसं यंत्रावर शंका घेतात, साहेबावर घेतात, कुत्र्यावर घेत नाहीत. त्याचा कुणाशी सोयरसंबंध नव्हता, हाच त्याचा मोठा गुण.

पहिलं दूध आप्पासाहेबांचं यायचं, फाटकातून चार पावलांवर. मग वरची आळी, मग खालची. शेवटी यायच्या गिरजाबाई. त्यांची वस्ती पार माळावर. नवरा वारलेला, मुली सासरी, दावणीला एक म्हैस. बाहत्तरला ज्या बाईनं झाडाचा पाला आणून म्हैस जगवली तीच ही बाई, असं लोक त्यांची ओळख करून देत. आणि त्यांचंच दूध टायगर पिईना.

एकदा परत गेलं. मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा परत गेलं असतं तर सभासदत्व गेलं असतं, आणि त्या टंचाईत सोसायटीच्या गोदामातला कडबा आणि पेंड फक्त सभासदांनाच मिळत होती. म्हणजे कुत्र्यानं आणखी एकदा मान फिरवली की गिरजाबाईंची म्हैस भूमच्या बाजारात उभी राहणार, हे सगळ्या गावाला दिसत होतं.

नेमकं तेव्हाच मला बोलावणं आलं. गिरजाबाईंसाठी नाही. टायगरला ढाळ लागली होती.

मी त्याचं पोट दाबून पाहिलं. मृदंगासारखं वाजत होतं.

"दूध किती पितो?" मी आप्पासाहेबांना विचारलं.

"लई न्हाय. थोडं थोडं."

"कुणाकुणाचं?"

"समद्यांचंच की."

"आप्पासाहेब, मोठ्या कुत्र्याला दूध सोसत नाही. पिल्लाचं वेगळं. ह्याचं दूध बंद करा. भाकरी आणि ताक द्या. आणि द्यायचंच असेल दूध, तर वाटीभर, त्यात निम्मं पाणी घालून."

आप्पासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "डॉक्टर, जरा विचार करून बोला. डेअरीच्या दारात उभं राहून दुधात पाणी घाल म्हणता?"

"कुत्र्याच्या दुधात."

"एकदा पाणी घालायला लागलं की कुणाच्या दुधात ते कोण बघतंय? अन् कुत्रं रजेवर घातलं तर दूध कोण तपासणार? तुमी पिणार का समद्यांचं?"

मी नाही म्हणालो. मग मी जे त्यांना सांगितलं ते शांतपणे सांगितलं असं मला आठवतं. हा सकाळपासून सगळ्यांचं दूध पितो, शेवटी गिरजाबाई येतात तोवर ह्याचं पोट भरलेलं असतं, म्हणून तो तोंड फिरवतो. यात तपासणीचा काही संबंध नाही. आप्पासाहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "हे पंचकमिटीपुढं सांगा."

संध्याकाळी कमिटी डेअरीच्या ओट्यावर बसली. मी उभा राहून सांगितलं, "दुधानं ह्याचं पोट बिघडलंय."

"कुणाच्या दुधानं?" रामभाऊंनी विचारलं.

"सगळ्यांच्याच."

एवढं म्हणायला नको होतं. ओटा पेटला. "आमच्या दुधात काय खोट हाय?" "माझी म्हैस काय आज दूध द्यायला लागली?" "डॉक्टर, शब्द मागं घ्या!" नफा वाटून घ्यायला सहकार असतो, दोष वाटून घ्यायला कुणी तयार नव्हतं. आरडाओरडा होता होता तो दोष एकेकाच्या दारावरून पुढं सरकत गेला आणि जी बाई ओट्यावर हजरच नव्हती तिच्यापाशी जाऊन थांबला. निवृत्ती सचिवानं सारांश सांगितला : टायगरचं पोट दुधानं बिघडलंय, हे डॉक्टरनं सांगितलं. टायगर गिरजाबाईचंच दूध पीत न्हाय. म्हंजे त्याला कळलंय की बिघाड कुठनं झालाय.

"पण पितच नाही तर त्यानं पोट कसं बिघडेल?" मी म्हणालो.

"वासानं," निवृत्ती म्हणाला.

उद्याची तपासणी शेवटची, असं ठरलं. मी सायकल काढली आणि माळावर गेलो. गिरजाबाई म्हशीला पाणी दाखवत होत्या. काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे तुमी माझी बाजू घ्यायला गेलता?"

"हो."

"पुन्यांदा घेऊ नका."

मग त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "शेवटी येते म्हून नापास. बरं. उद्या कोण शेवटी येतंय ते बघू." एवढं बोलून त्यांनी मला बाजेवर बसवलं आणि आतून चहा आणला. त्यांच्या घरात पितळेच्या दोनच वाट्या होत्या. एक मला दिली, एक स्वतः घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर गेलो. डेअरी उघडायच्या आत गिरजाबाई हजर होत्या, आणि चरवी नव्हती, म्हैसच होती. आख्खी. त्यांनी ती आप्पासाहेबांच्या फाटकाच्या कडीलाच आखूड बांधली होती, आडवी. फाटक बाहेर उघडणारं, म्हैस मापाची. आतल्या माणसाला बाहेर यायला वाट नाही आणि बाहेरच्याला आत जायला.

"गिरजामावशी, हे काय?" निवृत्ती म्हणाला.

"दूध आणलंय. ताटली ठेव."

त्या म्हशीखाली बसल्या आणि सगळ्या गावादेखत पहिली धार टायगरच्या ताटलीत सोडली. टायगर रात्रभरचा उपाशी होता, एवढं मात्र मी माझ्या अधिकारात करून घेतलं होतं. ढाळीच्या जनावराला लंघन, याला कमिटीची मंजुरी लागत नाही. त्यानं ताटली चाटूनपुसून संपवली आणि म्हशीकडं बघून शेपटी हलवली.

"पास का?" गिरजाबाईंनी विचारलं.

"पास," निवृत्तीनं कबूल केलं. "आता म्हैस सोडा."

"सगळी धार निघू दे की. अर्धवट पिळली तर कास धरती, सुजती. इचारा दाक्तरला."

मला विचारलं. मी म्हणालो, खरं आहे. आणि ते खरंच आहे.

फाटकाच्या आतून आप्पासाहेबांचा आवाज येत होता, "ए, कुणाची म्हैस ती? बाजूला घ्या!" पण म्हशीला पान्हा होता आणि गिरजाबाईंना घाई नव्हती. मागं रांग वाढत होती. निवृत्तीनं मग रांगेतल्या बाकीच्यांचं दूध घ्यायला सुरुवात केली. वरची आळी झाली. खालची आळी झाली. बाजीरावचं झालं. टायगर प्रत्येकाचं प्यायला, पहिल्यांदा लपालपा, मग सावकाश, मग एकेक जीभ. शेवटच्या चरवीनंतर तो पाय पसरून खाली बसला.

तेव्हा गिरजाबाईंनी म्हैस सोडली. फाटक उघडलं आणि आप्पासाहेब स्वतः पुढं, मागं त्यांचा गडी दोन कॅन घेऊन.

"आपलं नेहमीचं आहे, ओता," ते निवृत्तीला म्हणाले.

निवृत्ती ताटलीकडं बघत राहिला. त्याला काय होणार ते कळलं होतं. पण तपासणी सगळ्यांची व्हावी हा ठराव आप्पासाहेबांच्याच सहीचा होता. त्यानं दूध ओतलं.

टायगरनं एकदा हुंगलं, मान फिरवली आणि डोळे मिटले.

म्हैस बाजूला रवंथ करत होती. मग रामभाऊंनी गळ्यातली माळ नीट केली आणि अगदी आदरानं विचारलं, "आप्पासाहेब, हापशाचं का विहिरीचं?"

आप्पासाहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. "डॉक्टर, तुमी काल काय सांगत होता? पोट भरल्याचं?"

"पोट भरलेलं कुत्रं दूध पीत नाही," मी म्हणालो.

"ऐका समद्यांनी!" आप्पासाहेब गरजले. "शास्त्र सांगतंय! पोट भरलेलं कुत्रं दूध पीत न्हाय!"

आदल्या दिवशी वासावर उडवून लावलेलं शास्त्र एका रात्रीत असं मोठं झालं. कमिटी जागेवरच बसली. गिरजाबाईंचं परत गेलेलं दूध चुकीनं परत गेलं असं नोंदवलं गेलं. टायगरला प्रकृतीच्या कारणास्तव कामावरून कमी केलं. जी नळी इतके दिवस तालुक्याहून येत नव्हती, ती दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं आली, आणि ती आली त्या सकाळी गावातलं बरंच दूध एकदम घट्ट झालं. आप्पासाहेबांच्या कॅनमध्ये पाणी होतं की नव्हतं, ते मला माहीत नाही. टायगरलाही माहीत नव्हतं.

प्रश्न राहिला टायगरचा. तपासनीस असताना ज्याच्या शेपटीवर सुद्धा लोक हक्क सांगत होते, त्याला आता कुणी घेईना. "समद्यांचं हाय, समद्यांनी सांभाळा," असं प्रत्येक जण म्हणाला, म्हणजे कुणीच सांभाळणार नव्हतं. गिरजाबाईंनी म्हशीचं दावं हातात घेतलं आणि निघाल्या. टायगर उठला, अंग झाडलं आणि म्हशीमागून चालायला लागला. रामभाऊंनी त्याला हाक मारली नाही. फक्त एवढंच म्हणाले, "बाई, एकादशी तेवढी पाळा."

पाऊस झाल्यावर घटसर्पाची लस घेऊन मी माळावर गेलो. टायगर दारात होता, पोट आत, डोळे स्वच्छ. गिरजाबाई त्याला ताकात भाकरी कुस्करून घालायच्या, आणि आठवड्यातून एकदा अंडं, तेही कोंबडीनं ठेवलं तर. हाडं नाहीत, गोड नाही. भिंतीवरची माझी यादी त्यांनी वाचली नव्हती. त्यांच्या घरात ताटात उरायला काही नसायचं, एवढंच.

म्हैस टोचून झाली. चहाच्या दोन वाट्या बाहेर आल्या. मग गिरजाबाईंनी चरवीतलं वाटीभर दूध जर्मनच्या ताटलीत ओतलं, माठातला तांब्या उचलला, रस्त्यावर कुणी येतंय का ते पाहिलं आणि दुधात तेवढंच पाणी सोडलं.

"तुमीच सांगितलतं म्हनं, निम्मं पाणी," त्या मला म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत दुधात पाणी घालायला म्या आज शिकले, दाक्तर. अन् ते बी सरकारी माणसाच्या सांगण्यावरनं."

टायगरनं ताटलीत तोंड घातलं. शेवटचा थेंब संपल्यावरही तो ती ताटली जिभेनं ढकलत ढकलत अंगणाच्या टोकापर्यंत घेऊन गेला.